21,000 रुपयांचा दाखला

संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जाला अनेक कागद जोडावे लागतात. पण ज्या एका कागदावर सगळे अडते किंवा सुटते, तो म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगांसाठीची 50,000 रुपयांची मर्यादा बाजूला ठेवली, तर इतर सर्वांसाठी अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असले पाहिजे. वर्षाला 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 आणि दिवसाला सुमारे 58 रुपये, आणि हा आकडा एका माणसाचा नसून घरातल्या सर्वांच्या मिळकतीचा आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागावर कांड्या भरणारी बाई असो, गगनबावड्याच्या डोंगरात नाचणीच्या तुकड्यावर तग धरून असलेले म्हातारे जोडपे असो किंवा कोल्हापुरात चार घरची धुणीभांडी करणारी विधवा असो, यांच्यापैकी कोणीही इतक्या पैशांत वर्ष काढत नाही. तरीही यांतले अनेक जण या योजनेचे लाभार्थी आहेत. दाखल्यावर 21,000 किंवा त्याहून कमी आकडा लिहून मिळाला, म्हणून ते लाभार्थी झाले.

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. नोकरीच्या काळात निराधारांच्या पगाराच्या (या मासिक अनुदानाला लोक पगारच म्हणतात) याद्या माझ्या टेबलावरून जात असत, आणि निवृत्तीनंतर गल्लीतल्या व नात्यातल्या लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम आपसूकच अंगावर आले. त्या अनुभवातून या योजनांच्या सुधारणेबद्दल माझे जे मत बनले आहे, ते इथे मांडतो. कल्याणकारी योजनांच्या सुधारणेची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘बोगस लाभार्थी शोधा’ या एकाच वाक्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. माझे म्हणणे असे की ज्या योजनेत शिरण्यासाठी प्रामाणिक माणसालाही खोटे बोलावे लागते, तिथे खरा आणि बोगस यांतला फरक योजनेनेच पुसून टाकलेला असतो. मग कितीही छाननी केली तरी तो पुन्हा सापडत नाही.

थोडा हिशेब मांडू. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. या दराने एखाद्या बाईने वर्षात 68 दिवस काम केले तर तिची मजुरी 21,216 रुपये होते, म्हणजे ती मर्यादेबाहेर जाते. केंद्राच्या 2005 च्या कायद्याने कुटुंबाला 100 दिवसांची हमी दिली होती; ती पूर्ण पाळली गेली असती तर 31,200 रुपये झाले असते. सरकारने स्वतः दिलेली हमी पाळली की सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून माणूस बाद होतो, हे लक्षात आल्यावर या मर्यादेमागे एखादे गणित असेल अशी आशा उरत नाही. मधल्या काळात अनुदान वाढले. महिन्याला 600 चे 2019 मध्ये 1,000 झाले आणि 2023 मध्ये 1,500 झाले, पण त्या दोन्ही वेळी उत्पन्नाची अट 21,000 वरच थांबली होती. घरात दोघे लाभार्थी असतील तर त्यांना मिळणारे अनुदानच वर्षाला 36,000 रुपये होते. एखाद्या काटेकोर लेखापरीक्षकाने ही रक्कम उत्पन्नात धरायची ठरवली, तर हे अनुदान घेतल्यामुळेच ते घर अपात्र ठरेल.

गरिबीची सरकारी मोजपट्टी एकच असती तरी हे समजून घेता आले असते. परंतु अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबासाठी राज्यात शहरी मर्यादा 59,000 आणि ग्रामीण मर्यादा 44,000 रुपये ठरली. केशरी शिधापत्रिका एक लाखापर्यंत चालते. आणि मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांपर्यंतचे कुटुंब बसते. रेशनच्या रांगेत जी बाई गरीब ठरते, तीच निराधारच्या खिडकीशी गरीब ठरत नाही. याचा सर्वांत विचित्र परिणाम वयाच्या पासष्टीला दिसतो. लाडकी बहीण योजना 65 वर्षांपर्यंत आहे आणि निराधार वृद्धांसाठीची, 21,000 चीच अट असलेली श्रावणबाळ योजना 65 वर्षांनंतर सुरू होते. दोन्हींची रक्कम 1,500 रुपयेच आहे. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या आतली बाई पात्र असते, पण पासष्ट पूर्ण झाले की तिने एकाएकी 21,000 च्या आत यावे अशी अपेक्षा असते. वय वाढले, हातपाय थकले आणि गरज वाढली, नेमक्या त्याच टप्प्यावर अट बारा पटींनी कडक होते. हे कोणी जाणूनबुजून केले असेल असे मला वाटत नाही. दोन योजना दोन विभागांनी वेगवेगळ्या काळात लिहिल्या, आणि त्या एकाच बाईच्या आयुष्यात एकापाठोपाठ येणार आहेत हे तपासायला कोणी बसले नाही.

लाडकी बहीण योजनेवर टीका करणारे पुष्कळ आहेत, आणि तिच्या काही बाबींवर मीही करीन. मात्र 2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिने एक गोष्ट सिद्ध करून दाखवली, जिची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, असे त्या वेळी ठरले. अर्जदाराचे हमीपत्र चालले. अंगणवाडी सेविकांनी वस्त्यांवर अर्ज भरून घेतले आणि काही आठवड्यांत कोट्यवधी खात्यांत पैसे पडले. दाखल्याशिवाय आणि तालुक्याच्या हेलपाट्यांशिवाय अनुदान देण्याची क्षमता या प्रशासनात आहे, हे निवडणुकीच्या वर्षात सर्वांनी पाहिले. मग हीच सवलत त्याच केशरी शिधापत्रिकेवरच्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला का मिळू नये, याचे उत्तर प्रशासकीय नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हमीपत्रावर दिलेल्या पैशांची तपासणी नंतर सुरू झाली, तेव्हा 2025 च्या मध्यापर्यंत सुमारे 26 लाख लाभार्थी संशयित ठरवून त्यांचे हप्ते थांबवण्यात आले. त्यांत चक्क पुरुषही सापडले. त्यानंतर ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आली आणि तिच्यात पती किंवा वडील यांच्या आधारचे प्रमाणीकरण मागितले गेले. ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा विधवांनी काय करायचे, हा प्रश्न ते पोर्टल सुरू झाल्यावर विचारला गेला. आधी सगळ्यांना आत घ्यायचे आणि नंतर चाळणी लावताना सर्वांत दुबळ्यांना आधी गाळायचे, ही पद्धत सुरुवातीच्या ढिलाईपेक्षा वाईट आहे.

बोगस लाभार्थी ही निव्वळ अफवा आहे असे मी म्हणणार नाही. बांधकाम कामगारांच्या नोंदणीचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्यातून कामगारांसाठी योजना चालवायच्या, ही 1996 च्या कायद्यामागची कल्पना चांगली होती. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. नोंदणी झालेल्यांना भांड्यांचे संच वाटायला सुरुवात झाली आणि ज्यांनी आयुष्यात घमेले उचलले नाही अशा लोकांच्याही हाती ही प्रमाणपत्रे दिसू लागली. इथे मात्र खोटेपणाचा बाजार मांडणारे एजंट वेगळे, प्रमाणपत्रावर सही करणारे वेगळे आणि त्यातून नाव कमावणारे वेगळे होते. ज्याच्या नावावर संच निघाला तो या साखळीतला सर्वांत लहान माणूस. आणि त्याच वेळी, रोज सकाळी नाक्यावर उभे राहून मिळेल त्या कंत्राटदाराकडे काम करणारा खरा गवंडी मात्र 90 दिवसांची सही कोणाकडून आणायची या विवंचनेत असतो, कारण त्याचा मालक दर दोन दिवसांनी बदलतो. कडक कागद हा खोट्या माणसाला सोपा आणि खऱ्याला अवघड जातो. खोट्याला तो विकत घेता येतो, खऱ्याला मात्र रीतसरच मिळवावा लागतो.

उत्पन्नाच्या दाखल्याचे असेच आहे. तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, चौकशी करून अहवाल द्यायचा आणि त्यावरून तहसील कार्यालयाने दाखला द्यायचा. ज्या माणसाला ना पगारपत्रक आहे ना आयकर विवरण, त्याचे उत्पन्न हा अधिकारी ठरवणार कसे? तो अंदाज करतो. आणि बहुतेक अधिकारी दयाळू असल्यामुळे मर्यादेत बसेल असा अंदाज करतात. त्यांच्या दयाळूपणावर राज्याची सामाजिक सुरक्षा उभी आहे, हे मला चिंतेचे वाटते. एखाद्या गावात अधिकारी नियमाला धरून वागला, तर त्या गावचे निराधार उपाशी राहतील आणि त्याला दोषही देता येणार नाही. शिवाय असा दाखला घेतलेल्या बाईच्या डोक्यावर कायमची टांगती तलवार राहते. गावातल्या कोणाशी वाकडे आले, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मत भलतीकडे पडल्याचा संशय आला, की तक्रारीचा एक अर्ज पुरतो.

या सर्वांतून सुटण्याचा मार्ग आपल्या शेजारीच सापडला होता. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला 1965 मध्ये विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्या योजनेचे मर्म असे की तिने कोणाकडे उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. ठरलेल्या मजुरीवर उन्हात अंगमेहनत करायला जो तयार आहे, त्याला गरज आहे असे समजायचे. गरजू कोण हे ठरवण्याचे काम कचेरीकडून काढून कामाच्या जागेवर आणून ठेवले गेले. तिच्यासाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये व्यवसाय कर आला, जो नोकरदारांच्या पगारातून आजही महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापला जातो. माझ्याही पगारातून तो कापला जात असे, आणि तो कशासाठी सुरू झाला हे शाखेतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. जो काम करू शकतो त्याच्यासाठी इतकी समंजस रचना करणाऱ्या राज्याने, जो काम करू शकत नाही त्याच्यापुढे मात्र 21,000 चा दाखला ठेवला. खरे तर म्हातारपण आणि वैधव्य या गोष्टी सिद्ध करायला उत्पन्नापेक्षा कितीतरी सोप्या आहेत.

म्हणून पहिली सुधारणा अशी हवी की वृद्ध, विधवा आणि दिव्यांग यांच्यासाठी उत्पन्नाची अट काढून वगळण्याचे थोडे निकष ठेवावेत: सरकारी वा निमसरकारी निवृत्तिवेतन घेणारे, आयकर भरणारे, चारचाकीचे मालक. या तिन्ही गोष्टींच्या नोंदी सरकारकडेच असतात. त्या तपासणे सरकारचे काम ठरेल आणि म्हाताऱ्याला काही सिद्ध करत बसावे लागणार नाही. खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणशी वर्षाला 18,000 या हिशेबाने दहा लाख नवे लाभार्थी आले तर 1,800 कोटी रुपये लागतील. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी 36,000 कोटींची तरतूद होती, तिच्या हे पाच टक्के भरते. केंद्राचे काय, असेही कोणी विचारेल. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये आहे आणि जवळपास दोन दशके तो हललेला नाही. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

दुसरी सुधारणा मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते, आणि ती कोल्हापूरकरांना समजावून सांगावी लागू नये. या जिल्ह्यात पैसा कधी मिळणार याला तारीख असते. दुधाचे बिल दहा दिवसांनी मिळते. उसाचे बिल 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत मिळायला हवे, आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. थकबाकी ठेवणाऱ्या कारखान्यावर साखर आयुक्तांकडून महसुली वसुलीची कारवाई होऊ शकते. हा नियम कारखाने किती पाळतात हा वेगळा विषय असला, तरी तो आहे म्हणून शिरोळपासून कागलपर्यंतचा शेतकरी रस्त्यावर उतरून तो दाखवू शकतो. निराधारच्या पगाराला अशी तारीख नाही. दोन-तीन महिने काहीच येत नाही, मग एखाद्या सणाच्या तोंडावर एकदम जमा होतात, आणि त्या जमा होण्याची बातमी उपकाराच्या थाटात छापून येते. ज्या बाईचे औषध, दूध आणि किराणा या 1,500 वर बेतलेले असतात, तिच्यासाठी उशिरा आलेले 4,500 हे वेळेवर आलेल्या तीन हप्त्यांच्या बरोबरीचे नसतात, कारण मधल्या काळातली उधारी तिने चढ्या भावाने केलेली असते. ऊस उत्पादकाला मिळणारे संरक्षण तिलाही असावे: अनुदान महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जमा व्हावे, आणि न झाल्यास अर्ज न करता त्यावर व्याज मिळावे. राजस्थानने 2023 च्या किमान उत्पन्न हमी कायद्यात निवृत्तिवेतनात दरवर्षी पंधरा टक्के वाढ आपोआप व्हावी अशी तरतूद केली. म्हणजे अशा गोष्टी कायद्यात लिहिता येतात.

उसाला वजन आहे ते ऊस तोडायचा की नाही हे शेतकऱ्याच्या हातात असल्यामुळे. निराधाराकडे अडवून धरण्यासारखे काहीच नाही. दर 26 जूनला शाहू महाराजांच्या जयंतीला सामाजिक न्याय दिन साजरा होतो, दसरा चौकात पुतळ्याला हार पडतात, मंजुरीची पत्रे वाटतानाचे फोटो निघतात. पण सामाजिक न्याय विभागाच्याच या योजनेचे किती हप्ते त्या दिवशी थकलेले आहेत, हा प्रश्न मी एकाही भाषणात ऐकलेला नाही.

पैसे खात्यापर्यंत पोहोचण्याच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत बरेच बदलले. पूर्वी तहसील कार्यालयातून यादी आणि धनादेश शाखेत येत असे आणि आम्ही एकेका खात्यात नोंद घालत असू. यादीत ‘कृष्णाबाई’ आणि पासबुकात ‘क्रिष्णाबाई’ असे निघाले की रक्कम परत पाठवावी लागे. आता थेट हस्तांतरण आले, यादीचा प्रवास वाचला, आणि हे चांगलेच झाले. पण नव्या पद्धतीत एक नवी अडचण आहे, जी खिडकीच्या अलीकडे बसलेल्यालाच नीट कळते. आधारावर आधारित पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असे नाही. ते आधारशी सर्वांत शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जातात. एखाद्या बाईने बचतगटाच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले, तिथे अंगठा दिला आणि ते खाते आधारशी जोडले गेले, की पगार तिथे जाऊ लागतो. ती मात्र जुन्या पासबुकावर शिक्के मारून घेत बसते आणि योजना बंद पडली असे समजते. ‘पैसं आलंच न्हाईत बघा’ असे सांगणाऱ्यांपैकी काहींचे पैसे आलेले असतात, त्यांना न सांगता दुसरीकडे. एक छापील चिठ्ठी किंवा साध्या फोनवर मराठीत आलेला एक संदेश, ज्यात बँकेचे नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे असतील, एवढ्याने हा गोंधळ संपू शकतो. 2019 च्या महापुरात बँकाच पाण्यात होत्या, तेव्हा सानुग्रह अनुदानातले पाच हजार रुपये रोख हातात देण्याचा निर्णय झाला होता. लोकांना पैसा कसा हवा आहे ते ऐकून पद्धत बदलण्याचे ते उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे.

मंजुरीच्या समित्यांबद्दल थोडक्यात लिहितो. तालुका पातळीवरच्या संजय गांधी योजना समितीवर राजकीय नियुक्तीचा अशासकीय अध्यक्ष असतो. सरकार बदलले की समिती बरखास्त होते आणि नवी होईपर्यंत अर्ज रेंगाळण्याची भीती असते. पात्रता जर नोंदींवरून ठरणार असेल, तर समितीने मंजुरी देण्याचे कारणच उरत नाही. तिच्याकडे नामंजूर अर्जांचे अपील आणि थकलेल्या हप्त्यांची तपासणी ही कामे द्यावीत. आणि नामंजुरीचे कारण अर्जदाराला लेखी मिळावे. सध्या ‘त्रुटी आहे’ एवढेच कळते, आणि त्रुटी कोणती हे विचारायला आणखी एक हेलपाटा पडतो.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत सोपा वाटतो आणि तो अजून का झाला नाही याचे आश्चर्यही वाटते. घरातला कर्ता माणूस अठरा ते एकोणसाठ या वयात गेला, तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. ही योजना मला भेटलेल्या विधवांपैकी जवळजवळ कोणालाच माहीत नव्हती. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत होतेच. नोंद करणाऱ्याकडे मृताचे वय असते, पत्ता असतो, पत्नीचे नाव असते, आणि शिधापत्रिकेवरून कुटुंबाची स्थिती कळते. त्याच नोंदीवरून कुटुंब लाभ आणि विधवेचे अनुदान ही दोन्ही प्रकरणे आपोआप सुरू व्हावीत. बाईकडून फक्त संमती आणि खाते क्रमांक घ्यावा, आणि तोही घरी जाऊन. याच नोंदवहीचा उलट उपयोगही आहे: मृत्यूच्या नोंदी दर महिन्याला लाभार्थी यादीशी ताडून पाहिल्या, तर ऐंशी वर्षांच्या माणसाला आपण जिवंत आहोत हे सांगायला दरवर्षी रिक्षा करून हयातीच्या दाखल्यासाठी नेण्याची गरज राहणार नाही.